पिस्तुलाची माशी पुसट दिसतेय? नेम नाही, चष्म्याचा नंबर चुकलाय!

पॅरिस ऑलिंपिकमधला तो फोटो आठवतोय? एक हात खिशात, डोळ्यांवर साधा चष्मा आणि दुसऱ्या हातात पिस्तूल. तुर्कीचा युसुफ डिकेच त्या वेळी ५१ वर्षांचा होता. ३० जुलै २०२४ रोजी त्याने १० मीटर एअर पिस्तूल मिश्र दुहेरीत रौप्यपदक मिळवलं. याच प्रकारात भारताच्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांना कांस्य मिळालं. सोशल मीडियावर डिकेचवर हजारो मीम्स झाले. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला इतकं अचूक दिसतं तरी कसं, हा खरा प्रश्न बाजूलाच राहिला.

हा प्रश्न फक्त ऑलिंपिकपुरता नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातलं बीबी घ्या. गावात पोलीस ठाणं आहे. महाराष्ट्रात पोलीस शिपाई निवृत्त होतो ५८ व्या वर्षी. म्हणजे चाळिशी लागल्यानंतरही साधारण १८ वर्षं त्याला शस्त्र हाताळावं लागतं आणि गोळीबाराचा सराव करावा लागतो. तिथे चुकलेली गोळी म्हणजे फक्त गुण कमी होणं नसतं. म्हणूनच हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

चाळिशीत डोळ्याचं नेमकं काय होतं?

मराठीत वयालाही चाळिशी म्हणतात आणि जवळच्या चष्म्यालाही. आपल्या आजी-आजोबांनी या दोन गोष्टींचं नातं फार आधी ओळखलं होतं.

डोळ्यात बाहुलीच्या मागे एक लवचीक भिंग असतं. जवळचं पाहताना ते फुगतं आणि लांबचं पाहताना सपाट होतं. वय वाढतं तसं हे भिंग कडक होत जातं. लहानपणी १० सेंटीमीटरवरचं अक्षरही स्पष्ट दिसतं. चाळिशीनंतर पेपर हळूहळू लांब धरावा लागतो आणि साठीच्या आसपास भिंगाची ही ताकद जवळपास संपते. हा आजार नाही, सगळ्यांना होणारा बदल आहे. त्यात भर म्हणजे वयानुसार बाहुली लहान होते आणि डोळ्यात कमी प्रकाश जातो. त्यामुळे अंधुक जागी त्रास आणखी वाढतो.

पिस्तुलाच्या नेमबाजीतच जास्त अडचण का?

पिस्तुलावर नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: मागची खाच (रिअर साइट), पुढची माशी (फ्रंट साइट) आणि लांबचं लक्ष्य. हात सरळ केला की माशी डोळ्यापासून साधारण ९० ते १०० सेंटीमीटरवर असते, खाच त्याच्या अलीकडे आणि लक्ष्य १० मीटरवर. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करू शकतो. तरुण डोळा ही उणीव पटापट फोकस बदलून भरून काढतो. चाळिशीनंतरच्या डोळ्याला ते जमत नाही.

मग स्पष्ट काय दिसायला हवं? नवशिके म्हणतात, लक्ष्य. बरोबर उत्तर आहे माशी. का, ते साध्या हिशोबाने पाहू.

एअर पिस्तुलाच्या खाचेपासून माशीपर्यंतचं अंतर साधारण ३३ सेंटीमीटर धरा. लक्ष्य आहे १० मीटरवर, म्हणजे जवळपास ३० पट. त्यामुळे खाचेत माशी फक्त १ मिलिमीटर सरकली, तर छर्रा लक्ष्यावर ३० मिलिमीटर सरकतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे अवघा ११.५ मिलिमीटर आणि संपूर्ण काळ्या भागाचा ५९.५ मिलिमीटर. थोडक्यात, १ मिलिमीटरची चूक छर्ऱ्याला मधोमध लागण्याऐवजी काळ्या भागाच्या काठावर नेऊन ठेवते.

याउलट खाच आणि माशी अगदी जुळलेली आहेत, पण हात ५ मिलिमीटर हलला, तर छर्राही ५ मिलिमीटरच हलतो. तरीही दहा गुण मिळतात! म्हणजे लक्ष्य थोडं पुसट दिसलं किंवा हात थोडा हलला तरी चालतं, पण माशी पुसट झाली की सगळं बिघडतं. "वय झालं, हात थरथरतो" असं म्हणून अनेक जण नेमबाजी सोडतात. त्यातल्या कित्येकांच्या बाबतीत खरा दोष हाताचा नसून चष्म्याचा असतो.

वाचायचा चष्मा लावून चालेल का?

नाही. नेमकी इथेच बहुतेकांची चूक होते. वाचायचा चष्मा ३५ ते ४० सेंटीमीटरसाठी बनवलेला असतो. समजा वाचनाचा नंबर +२ आहे. त्यातून जास्तीत जास्त ५० सेंटीमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं. माशी त्याच्या दुप्पट लांब आहे, म्हणून ती पुसट दिसते आणि लक्ष्य तर पार विरघळून जातं.

बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्यांची अडचण वेगळी आहे. त्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. माशी स्पष्ट दिसावी म्हणून मान वर करावी लागते, मान दुखते आणि प्रत्येक वेळी डोकं थोड्या वेगळ्या जागी येतं. नेमबाजीत डोकं दर वेळी त्याच जागी असणं महत्त्वाचं असतं.

मग नंबर किती हवा?

सूत्र सोपं आहे: १०० भागिले सेंटीमीटरमधलं अंतर. माशी १०० सेंटीमीटरवर असेल तर उत्तर येतं १. म्हणजे लांबच्या नंबरात +१ मिळवला की माशी कोणताही ताण न देता स्पष्ट दिसते. पण मग लक्ष्य जास्त पुसट होतं. म्हणून पिस्तुलासाठी सहसा लांबच्या नंबरात +०.५० किंवा +०.७५ मिळवून सुरुवात करतात. त्यात माशी पुरेशी ठळक राहते आणि लक्ष्याचा काळा गोलही ओळखता येतो.

दोन उदाहरणं पाहा. ज्याला लांबचा नंबर नाही, त्याला नेम धरण्याच्या डोळ्यासाठी +०.७५ ची काच. ज्याचा लांबचा नंबर -१ आहे, त्याला -०.२५ ची. गंमत म्हणजे असा माणूस चष्मा काढूनही माशी चांगली पाहू शकतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन लांबचं दिसणारी लेन्स बसवली असेल, तरी हेच तत्त्व लागू पडतं.

यासाठी मोठ्या शहरातच जायला हवं असं नाही. घरी एवढं करा: पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, सुरक्षित दिशेला नेम धरा आणि डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी दोरीने मोजायला सांगा. ती दोरी घेऊन नेत्रतपासणीला जा. "इतक्या अंतरावरची बारीक वस्तू या डोळ्याला स्पष्ट दिसायला हवी, काच एकाच नंबरची हवी," एवढं सांगितलं की पुरे. शस्त्र मात्र दुकानात किंवा दवाखान्यात नेऊ नका.

चष्म्याशिवाय आणखी काय उपयोगी पडतं?

बारीक छिद्र: छोट्या छिद्रातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही जास्त स्पष्ट दिसतं. नेमबाज चष्म्यावर 'आयरिस' लावतात ती यासाठीच. मात्र छिद्र फार लहान केलं तर अंधार होतो.

दुसरा डोळा मिटू नका: एक डोळा घट्ट मिटला की चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि नेमाच्या डोळ्यावरही ताण येतो. त्याऐवजी दुसऱ्या डोळ्यासमोर दुधी रंगाची पट्टी लावा. स्पर्धेच्या नियमानुसार तिची रुंदी ३० मिलिमीटरपर्यंत चालते.

खाच थोडी रुंद करा: माशीच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या जराशा जाड पट्ट्या दिसल्या, तर त्या सारख्या आहेत की नाही हे वयस्कर डोळ्याला लवकर कळतं.

वेळ ताणू नका: आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर हात खाली घ्या, लांब पाहा, पापण्या मिटा आणि पुन्हा सुरुवात करा. डोळा एकटक रोखला की चित्र पुसट व्हायला लागतं.

पिस्तुलावर लेझर किंवा दुर्बीण लावली तर? ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत याला परवानगी नाही. आणि खऱ्या गोळ्यांचा सराव असेल तर साधा चष्मा पुरत नाही, न फुटणारा संरक्षक चष्मा हवाच.

डॉक्टरकडे कधी जायचं?

कागदाला टाचणीने छिद्र पाडा आणि त्यातून पाहा. स्पष्ट दिसलं तर बहुधा प्रश्न नंबरचा आहे. फरक पडला नाही तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा दोष असू शकतो, नेत्रतज्ज्ञांना दाखवा. मधुमेह असेल तर साखर वर-खाली होताना नंबरही बदलतो, म्हणून साखर आटोक्यात आल्यावरच काच बनवा. डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्यासारखं झालं किंवा पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वय झाल्यावर खरंच जमतं का?

स्वीडनच्या रागनार स्कानोकेरने १९७२ मध्ये ५० मीटर पिस्तूल प्रकारात ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं आणि १९९२ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्याच प्रकारात कांस्य. जॉर्जियाची निनो सालुक्वाद्झे १९८८ मध्ये सुवर्ण जिंकली होती. २०२४ मध्ये ५५ व्या वर्षी ती आपलं दहावं ऑलिंपिक खेळली. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर यांनी तर साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतलं आणि पुढे कितीतरी स्पर्धा जिंकल्या. 'सांड की आँख' हा २०१९ चा सिनेमा त्यांच्यावर आणि त्यांच्या जाऊबाई प्रकाशी यांच्यावरच आहे.

महाराष्ट्राला नेमबाजी नवी नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. आज विशीत-तिशीत असलेले हे नेमबाजही एक दिवस चाळिशी लावतील. तुमच्या ओळखीत कुणी पोलीस, होमगार्ड किंवा हौशी नेमबाज "आता नेम लागत नाही" म्हणत असेल, तर त्याला आधी दोरीने अंतर मोजायला सांगा.