कापडी गुंडीवरचा दंड

कापडाने मढवलेली गुंडी करायला लागतं तरी काय? लाकडाची किंवा हाडाची चकती, तिच्या व्यासाच्या दुपटीहून किंचित लहान असा कापडाचा गोल तुकडा, सुई आणि मेण लावलेला दोरा. कडेपासून थोडं आत धावदोरा घालायचा, मधे चकती ठेवायची आणि दोरा ओढायचा. मागे जमलेल्या चुण्या आडव्याउभ्या टाक्यांनी आवळायच्या, त्याच दोऱ्याची मान करायची आणि गुंडी कपड्यावर टाचायची. कापड जाड असेल तर चुण्यांचा गोळा होतो, सुळसुळीत असेल तर ते चकतीवरून सरकतं. कसब लागतं ते एवढंच. शिंप्याकडे कात्रणं पडलेली असतातच. कोटाच्याच कापडाची गुंडी त्याला जवळजवळ फुकटात पडते.

ही फुकटातली गुंडी सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये गुन्हा ठरली.

त्या काळी पुरुषाच्या एका कोटावर पुढे, बाह्यांवर, खिशांवर मिळून डझनांनी गुंड्या असत. लाकडी साच्यावर रेशीम किंवा मोहेरचा धागा गुंडाळून, सुईने विणून त्या केल्या जात. मॅकल्सफील्ड आणि लीक या गावांच्या परिसरातली घरंच्या घरं या कामावर जगत होती. मग शिंप्यांनी उरलेल्या कापडातच गुंड्या मढवायला सुरुवात केली आणि गुंडीवाल्यांनी संसदेचं दार ठोठावलं. त्यांच्याजवळ युक्तिवादही तयार होता: रेशीम आणि मोहेर तुर्कस्तानातून येतं, त्याच्या बदल्यात इंग्लंडची लोकरी कापडं तिकडे जातात, म्हणजे गुंडी बुडाली तर कापडही बुडेल. संसदेला ते पटलं. १६९८ साली कापडी गुंड्या करण्यावर आणि विकण्यावर बंदी आली. दंड होता डझनाला ४० शिलिंग.

बंदी पुरेशी ठरली नाही हे पुढच्या कायद्यांवरूनच दिसतं. १७०९ मध्ये एक झाला, मग आणखी एक, आणि १७२० च्या कायद्याने थेट अंगावर घालणाऱ्यालाच पकडलं. कापडी गुंड्याच नव्हे, कापडाने मढवलेली काजंसुद्धा गुन्ह्यात जमा झाली. दंडातला वाटा खबर देणाऱ्याला मिळे, त्यामुळे शेजाऱ्याच्या कोटाकडे निरखून पाहणं हाही एक धंदा होऊ शकत होता. हा वेडेपणा एकट्या इंग्रजांचा नव्हता. फ्रान्समध्येही १६९० च्या दशकात गुंडीवाल्यांच्या संघाने अशीच बंदी मिळवली आणि वर लोकांच्या घरात शिरून कपाटं तपासायचा हक्क मागितला.

या सगळ्याचा फायदा कोणाला झाला? चार्ल्स रो यांनी गुंड्या आणि पिळाच्या धाग्याच्या व्यापारातून सुरुवात केली आणि १७४३ च्या सुमारास मॅकल्सफील्डमध्ये पहिली रेशीमगिरणी उभारली. पण शतक सरता सरता फॅशन बर्मिंगहॅमच्या चकचकीत धातूच्या गुंड्यांकडे वळली. फॅशनवर कायदा चालत नाही.

दक्षिणेकडे डॉर्सेट परगण्यात याच काळात दुसरीच गुंडी फोफावत होती. १६२२ साली अब्राहम केस शाफ्ट्सबरीत आला आणि त्याने हा धंदा बसवला. मेंढीच्या शिंगाची चकती, तिच्यावर कापडाचा तुकडा आणि वरून संपूर्ण सुईकाम. कायद्याचा आक्षेप कापडाला होता, सुईकामाला नव्हता. पुढे शिंगाच्या जागी तारेची कडी आली. कडीभोवती काजाचा टाका घालून ती पूर्ण झाकायची, टाक्याची उभार कड आत वळवायची, मग चाकाच्या आऱ्यांसारखे धागे ताणून मध्यापासून गोल विणत बाहेर यायचं. तार पिळणं, टोकं जोडणं आणि कड्या ग्रोसच्या हिशेबाने दोऱ्यात ओवणं ही मुलांची कामं. शेतात राबण्यापेक्षा घरी बसून गुंड्या करणं बायकांना परवडे. कपडे मळत नसत, मुलांवर लक्ष राही.

कापडी गुंडीला पुन्हा मान मिळाला तो यंत्रामुळे. १८०७ च्या तोफमाऱ्यानंतर कोपनहेगन सोडून आलेले बेंजामिन सँडर्स यांनी १८१३ मध्ये बर्मिंगहॅमला धातूच्या दोन वाट्यांमध्ये कापडाची कड दाबून बसवायची रीत आणली. आज दुकानात मिळणारं कापड मढवायचं बटण मुळात तेच आहे. त्यांच्या मुलाने १८२५ मध्ये मागे धातूच्या कडीऐवजी कॅनव्हासचा मऊ फुगवटा दिला, म्हणजे सुई त्यातून सरळ आरपार जाते. १८४१ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन ॲस्टन यांच्या कारखान्यातून तिपदरी लिननचं बटण निघालं. ते धुलाईला टिकायचं आणि स्वस्तही होतं. डॉर्सेटच्या हातांना याच्याशी स्पर्धा जमली नाही. पाहता पाहता धंदा कोसळला, आणि कित्येक कुटुंबं कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेच्या बोटींत बसली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिचेट मिन्स्टरच्या लेडी लीस यांनी ही कला पुन्हा शिकवायला घेतली. आज ती छंद म्हणून जगते आहे.

म्हणजे जी गुंडी करायला अवघड, ती धंदा म्हणून संपली. जी कुणालाही जमते, ती मात्र कायदा आणि यंत्र दोन्ही पचवून उरली. आपल्याकडे ती पोटली बटण होऊन आली आहे. तिच्यात चकतीसुद्धा नसते. कापडाच्या तुकड्यात कापसाची गोळी ठेवायची, तुकडा गोळा करून मानेवर दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे, उरलेलं कापड कापून टाकायचं. आत धातू नसल्यामुळे पैठणीच्या ब्लाउजवर गंजाचा डाग पडायची भीती नाही. काजंही लागत नाहीत. उरेबात कापलेली पट्टी शिवून उलटवली की तिचेच फास होतात. अडचण एकच: फास सैल पडतात, आणि पाठीवरचं बटण स्वतःचं स्वतःला लावता येत नाही. म्हणून शिंपी पोटल्यांच्या त्या देखण्या ओळीखाली बहुधा हुकांची पट्टी लावतात आणि ब्लाउज खरा बंद होतो तो तिच्यावर.