केदारनाथाच्या वाटेवरील चट्ट्या

केळशीच्या किनाऱ्यावरून केदारनाथास जाणारा यात्रेकरू समुद्रसपाटीपासून सुमारें ३,५८० मीटर वर चढतो. पूर्वीं तिकडील डोंगरवाट पायींच चालावी लागे. वाटेंत ‘चट्टी’ नांवाचीं साधीं विश्रांतिस्थानें असत. दुकानदाराकडून शिधा घेतला कीं, राहावयास जागा व रांधावयास भांडीं मोफत मिळत.

उंचीवर हवेचा दाब कमी असतो. म्हणून केदारनाथीं पाणी सुमारें ८८ अंशांवरच उकळतें व डाळ लवकर शिजत नाहीं. श्वासागणिक प्राणवायुही कमीच मिळतो. चट्टीचट्टीवर मुक्काम घडल्यानें शरीरास विरळ हवेची हळूहळू संवय होई. आतां मोटारीनें व हेलिकॉप्टरनें प्रवास झटपट होतो. शरीराची रीत मात्र पूर्वींचीच आहे. यास्तव वृद्धांस नेणारांनीं गौरीकुंडाच्या परिसरांत एक रात्र तरी थांबावें, आणि डोकें दुखून मळमळूं लागल्यास वर न जातां खालीं उतरावें.