सतरंजीवर बसवलं म्हणजे सहभाग नव्हे

ठाण्याच्या नौपाड्यातून शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर धान्य, कपडे, वह्या पाठवणारे कितीतरी हात आहेत. त्यामागची आस्था खरी आहे. पण काय पाठवायचं, कोणती योजना आणायची, हे ठरवताना तिथल्या बायकांना विचारलं जातं का? या प्रश्नाच्या आड येणारे चार समज तपासून पाहू.

गैरसमज १ : आदिवासी म्हणजे कुठेतरी दूर जंगलात राहणारे.
वस्तुस्थिती : येऊरचे पाडे ठाणे महापालिकेच्याच हद्दीत आहेत. सगळा शहापूर तालुका आणि मुरबाड, भिवंडीतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू असून गावाच्या विकास योजनांना ग्रामसभेची मंजुरी लागते.

गैरसमज २ : या बायकांना शिकवायचं असतं, त्यांच्याकडून काय शिकणार?
वस्तुस्थिती : पावसाच्या तोंडावर बाजारात येणारी शेवळं ही रानभाजी नुसती शिजवली तर घसा खाजतो. म्हणून तीत काकडं ही फळं घालतात. कोणती भाजी कधी खुडायची, कशाबरोबर रांधायची, हे रानभाज्या विकणाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. मानही त्यांना परका नाही. वारल्यांच्या परंपरेत लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच.

गैरसमज ३ : समितीत नाव घातलं, सतरंजीवर बसवलं, की सहभाग झाला.
वस्तुस्थिती : कायद्याला एवढं पुरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांचा जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार वनहक्कांवरच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. महिलांवरील भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९९३ मध्ये मान्यता दिली. त्या कराराच्या समितीने २०२२ मध्ये आदिवासी स्त्रियांसाठी स्वतंत्र शिफारस केली. निर्णयप्रक्रियेत त्यांचा खराखुरा सहभाग असावा, हा तिचा आग्रह आहे.

गैरसमज ४ : शांतता प्रक्रियेत बायकांना घ्यायचं ते युद्ध पेटलेल्या देशांनी, आपला काय संबंध?
वस्तुस्थिती : संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००० मध्ये ठराव १३२५ करून संघर्ष टाळण्यात आणि मिटवण्यात स्त्रियांना स्थान द्यायला सांगितलं. संघर्ष आपल्याकडेही झाला आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला; गोदावरी परुळेकर त्या लढ्याच्या नेत्या होत्या. त्या काळी लग्नाच्या कर्जापायी नवरा ‘लग्नगडी’ म्हणजे वेठबिगार झाला, की बायकोलाही सावकाराकडे राबावं लागे. भांडणाची झळ तिला लागते, तर तोडग्याच्या बैठकीतही ती हवीच.

तेव्हा पुढच्या वेळी पाड्यावर काही न्यायचं ठरलं, तर आधी तिथल्या बायकांशी बोला. बैठक त्यांच्या सवडीने, त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या बोलीत घ्या आणि बुडणारी मजुरी भरून द्या. त्या ‘नको’ म्हणाल्या, तर तो निर्णय माना.