लस संपली, उद्या या

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत लोणंदमध्ये कुणी रस्त्यात भेटलं की पहिला प्रश्न असायचा, ‘मिळाली का?’ काय मिळाली, ते सांगावं लागत नव्हतं. मिळालेली असली की माणूस दंड चोळत हसायचा. नसली की ‘उद्या या म्हणालेत’ एवढं सांगून पुढं जायचा. सुई कशी टोचली, ताप किती आला हे बहुतेकजण केव्हाच विसरले. ‘उद्या या’ मात्र अजून कुणी विसरलेलं नाही.

सुरुवातीला तर रांगही नव्हती. १६ जानेवारी २०२१ला देशभर लसीकरण सुरू झालं ते आधी आरोग्य कर्मचाऱ्यांचं. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांची आणि पंचेचाळिशीपुढच्या व्याधीग्रस्तांची पाळी आली. तेव्हा गावात कुजबुजच जास्त होती. कुणाच्या चुलत्याला ताप आला, कुणाचा हात सुजला, अमुक गावात कोण तरी गेलं म्हणे. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस, आणि बाटली एकदा फोडली की चार तासांत संपवायची. म्हणून सिस्टर माणसं जमायची वाट बघत बसायच्या. ‘तात्या, अजून तिघं पाहिजेत, मग फोडते,’ असं म्हटलं की तात्या बाहेर पारावर जाऊन तिघांना धरून आणायचे. आशाताई घरोघरी फिरून आज्यांना विनवायच्या. त्या महिन्यात लस होती, माणसं नव्हती.

मग दुसरी लाट आली आणि सगळं उलटं झालं. १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांना लस खुली झाली. आठवड्याच्या आत राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे तीन दिवसांचाच साठा उरल्याचं सांगू लागले, आणि ८ एप्रिलला सातारा जिल्ह्यातलं लसीकरण साठा संपल्यामुळं थांबलं. लस तयार होत होती पुण्याच्या सीरममध्ये, इथून गाडीनं दोन-अडीच तासांवर. पारावर हा विषय निघाला नाही असा दिवस जात नव्हता.

वडिलांना घेऊन मी तालुक्यातल्या एका केंद्रावर तीनदा गेलो. पहिल्या दिवशी पहाटे सहाला पोचलो तर रांग लागलेली होती, पण माणसांची नाही. चपला, दगड, एक पिशवी, विटेखाली दाबलेला कागदाचा तुकडा. माणसं लिंबाखाली सावलीला बसलेली. आम्हीही एक चप्पल ठेवली. अकराला आतून कुणीतरी आलं, रांगेकडं न बघताच म्हणालं, ‘लस संपली, उद्या या.’ दुसऱ्या दिवशी गेलो तर गाडीच आली नव्हती. तिसऱ्या दिवशी दंडात सुई गेली तेव्हा वडील काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, ‘यापेक्षा कांद्याचा भाव बरा. बाजारात गेलं की कळतो तरी.’

कांद्याचं नाव उगीच नव्हतं घेतलं त्यांनी. ते दिवस गरव्या कांद्याच्या काढणीचे. लोणंदची बाजारपेठ कांद्यावर चालते, आणि कांदा काढायला, कापायला बायाच लागतात. एक दिवस रांगेत गेला की एक दिवसाची मजुरी बुडाली. अशी मजुरी दोनदा बुडवून रिकाम्या हातानं परतलेल्या बाईला तिसऱ्यांदा ‘लस घेतलीस का?’ विचारणं म्हणजे तिच्या रागाला हात घालणं होतं. लोक अडाणी आहेत, लसीला भितात, असं तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. मी जे पाहिलं त्यात भीतीपेक्षा हिशेब जास्त होता.

दुसऱ्या डोसचं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं. मार्चमध्ये ते सहा ते आठ झालं, १३ मेला बारा ते सोळा. त्यामागं शास्त्रीय कारण असेलही, ते समजावून सांगायला गावात कुणी आलं नाही. तारीख बघून दारात पोचलेल्या म्हाताऱ्यांना तिथं कळलं की तारीखच पुढं गेली. आधीच्या ‘उद्या या’चं आता ‘दीड महिन्यानं या’ झालं.

१ मेपासून अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांना लस खुली झाली, पण मोबाईलवर कोविनमध्ये वेळ मिळवूनच. वेळा उघडायच्या आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपायच्या. ज्याचं इंटरनेट वेगवान, त्याची लस. मुंबई-पुण्याकडची पोरं खेड्यातल्या केंद्रांवर वेळ घेऊन गाडीनं यायची आणि गावातला पोरगा फाटकाबाहेर उभा राहून बघायचा, हे त्या महिन्यात राज्यात ठिकठिकाणी घडलं. शहरातल्या पोरांना मी दोष देत नाही, जिथं मिळेल तिथं ती आली. पण आपल्या केंद्रात आपणच परके, ही बोच राहिली. दहा-बारा दिवसांतच राज्यानं या वयोगटाचं लसीकरण थांबवलं, कारण होती ती लस पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोसला लागणार होती.

२१ जूनपासून लस केंद्र सरकारकडून अठरापुढच्या सगळ्यांना मोफत मिळू लागली, जागेवर नोंदणी व्हायला लागली, आणि पावसाळ्यात हळूहळू रांगा पातळ झाल्या. जिल्हा अजून सुटलेला नव्हता. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यानं निर्बंध सैल केले तेव्हा वगळलेल्या अकरा जिल्ह्यांत सातारा होता, सांगली-कोल्हापूरही होते. ऑक्टोबरमध्ये ‘मिशन कवच कुंडल’ आलं, २१ तारखेला देशानं शंभर कोटी डोसांचा टप्पा गाठला, नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’. तोपर्यंत पुन्हा मार्चसारखं झालं होतं. बाटली फोडायला सिस्टर माणसं शोधत होत्या. बूस्टरला तर लोकांनी सरळ पाठ फिरवली.

या तालुक्याला साथ नवी नाही. सावित्रीबाई फुले इथल्याच, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. १० जानेवारी १८९७ला हाफकिननं मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई पुण्यात गेल्या. देवीची लस तर त्याहून जुनी. देवी काढायला माणूस आला की पोरं माळ्यावर लपवायची, कणगीत बसवायची, हे माझ्या आजीनं सांगितलेलं. पुढं भिंतींवर देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस असल्याच्या पाट्या रंगल्या आणि १९७७ला देश देवीमुक्त जाहीर झाला. लसीपासून पळणाऱ्या आजीचे नातू लसीसाठी पहाटे चप्पल ठेवून रांग लावतात, हा बदल मला मोठा वाटतो. रांगेतला राग हा लस हवी असलेल्या माणसाचा राग होता. सरकारी यंत्रणेनं तो तक्रार म्हणून ऐकला.

या सगळ्यात एका लसीकरणाबद्दल गावात मी कधी कुरकुर ऐकली नाही. लहान बाळांचं. ठरलेल्या वारी अंगणवाडीत सिस्टर येते, खांद्याला बर्फाच्या पिशव्या घातलेला लसीचा डबा. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. टोचून झालं की ती आईला चार गोष्टी सांगते: कोणती लस दिली, ताप आला तर काय करायचं, पुढं कधी यायचं, आणि येताना कार्ड आणायचं. मग अर्धा तास बसवून ठेवते. बाळ रडतं, रात्री कणकणतं, आईची झोप जाते, तरी ती पुढच्या वेळी येतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत राज्यात पूर्ण लसीकरण झालेली बालकं शंभरात ५६ होती, पाचव्या फेरीत ती ७३च्या वर गेली. तेव्हाही चौथा हिस्सा बाकी होता, आणि त्यात ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर फिरणारी पोरं असणार. त्यांचं कार्ड गावाकडं पेटीत आणि पोर फडात.

कोविडमध्येही सिस्टर त्याच होत्या, आशाताई त्याच. दारात येऊन नावानं हाक मारणाऱ्या. लोकांचा राग त्यांच्यावर नव्हता, त्यांच्या हातातच काही नव्हतं. उद्या किती डोस येणार हे त्यांनाही सकाळीच कळायचं.

२०२० आणि २०२१, दोन्ही वर्षं ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, लोणंदचा पालखी तळ रिकामा राहिला. जून २०२२ला वारी पायी आली, नीरा ओलांडून माउली तळावर विसावली, आणि गावानं साथ संपली असं मनाशी धरलं. त्या गर्दीत कुणी कुणाला ‘मिळाली का?’ विचारलं नाही.

पुढची साथ येईल तेव्हा येईल. तोवर आरोग्य खात्याला एकच विनंती. प्रत्येक केंद्राच्या फाटकाबाहेर एक काळा फळा लावा, आणि उद्या किती लस येणार ते आदल्या संध्याकाळीच खडूनं लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा. माणसं कांदा काढायला जातील.