कुंडीतली आम्लप्रिय झाडे आणि वऱ्हाडचे पाणी

अनंत, इक्झोरा, अझेलिया, ब्लूबेरी ही आम्लप्रिय झाडे. त्यांना साधारण पाच ते सहा सामूची (पीएच) माती मानवते. ब्लूबेरीला त्याहूनही आंबट चालते. अमरावती-अकोल्याची काळी माती चुनखडीची, तिचा सामू बहुधा साडेसातच्या पुढे. चिखलदऱ्याला कॉफी होते, कारण डोंगरावरच्या मुसळधार पावसाने तिथल्या मातीतला चुना धुऊन जातो. त्याच अमरावती जिल्ह्यात खाली पूर्णेच्या खोऱ्यात मात्र खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा प्रदेश आहे.

काळी माती बेसॉल्टची, म्हणजे लोह तिच्यात भरपूर. पण सामू चढला की ते विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीतल्या संत्र्याच्या बागांतही हेच दिसते. आधी जुनी पाने सरसकट पिवळी पडली, तर बहुधा नत्र कमी पडलेले असते. तिथे लोह देऊन उपयोग नाही.

कुंडीत कोकोपीट आणि पालापाचोळ्याचे खत भरले की सुरुवात चांगली होते. बिघाड पुढे पाण्यामुळे होतो. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट दररोज थोडे थोडे साचते, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि वर्षभरात आंबट मिश्रण अल्कधर्मी होते. म्हणून वऱ्हाडात या झाडांचे पहिले खत म्हणजे पावसाचे पाणी. गच्चीवरचे पाणी पिंपात साठवून ते याच कुंड्यांसाठी राखावे.

नत्रासाठी अमोनियम सल्फेट उत्तम. मुळे अमोनियम घेताना आम्ल सोडतात, त्यामुळे खताबरोबर सामूही उतरतो. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी, तेही ओल्या मातीत. गंधकाची भुकटी सावकाश काम करते. जिवाणू तिचे आम्ल करतात, त्याला काही आठवडे ते महिने लागतात. हिराकस (फेरस सल्फेट) अल्कधर्मी मातीत टाकली तर तिच्यातले लोह लवकरच अडकून बसते. ती लिटरला दोन ग्रॅम, चिमूटभर लिंबूसत्त्व घालून, संध्याकाळी पानांवर फवारावी. मातीतून लोह द्यायचे तर ईडीडीएचए चिलेट घ्यावे. स्वस्त ईडीटीए चिलेट चढ्या सामूला टिकत नाही.

चुलीची राख आणि अंड्याची टरफले या कुंड्यांत कधीही टाकू नयेत. दोन्हींनी सामू चढतो. वापरलेली चहापत्ती धुऊन टाकली तर अपाय नाही, पण तिने माती आंबट होईल ही समजूत चुकीची आहे. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, खत पूर्ण थांबवून कुंड्या सावलीत घ्याव्यात. पहिले दोन-तीन चांगले पाऊस कुंडीतून निथळून गेले, की पुन्हा खत सुरू करावे.