देहरथ आणि रक्ताची परीक्षा

माघमास आला की चिमूरनगरीला श्रीहरी बालाजींच्या घोडायात्रेचे वेध लागतात. अश्वारूढ बालाजींचा रथ रात्री नगरातून निघतो आणि पंचक्रोशीतील आबालवृद्ध दर्शनासाठी दाटी करतात. तो रथ पाहिला की कठोपनिषदातील रूपकाचे स्मरण होते. देह हा रथ, इंद्रिये हे अश्व, मन हा लगाम, बुद्धी सारथी आणि आत्मा हा रथाचा स्वामी. कीर्तनात आम्ही स्वामीचे वर्णन करतो, अश्वांना आवरण्याचा उपदेश करतो; परंतु खुद्द रथाची पाहणी करावयाची राहून जाते. आज या रथाच्या एका अंगाविषयी, म्हणजे रक्ताविषयी, चार शब्द निवेदन करावयाचे आहेत.

त्यास कारण घडले. एकदा निरूपण आटोपल्यावर एक माउली आठ वर्षांच्या मुलाला घेऊन पुढे आली. म्हणाली, "महाराज, याचे हातपाय रात्र रात्र ठणकतात. डॉक्टर सिकलसेल म्हणतात. घरचे म्हणतात, माझ्याच पूर्वजन्मीचे पाप. पण आमचे तर अठ्ठावीस गुण जुळले होते!" ते गुण जुळवून देणारा मीच होतो. त्या प्रश्नाने मला विद्यार्थी होणे भाग पाडले.

आपल्या पूर्वाचार्यांनी देहाचा विचार केवळ ग्रंथ घोकून केलेला नाही. शव गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग हळूहळू घासत त्वचेपासून आतील अवयवांपर्यंत सर्व काही डोळ्यांनी पाहावे, असा विधी सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. चरकाचार्य अस्थींची संख्या ३६० देतात, सुश्रुताचार्य ३००. दात आणि कूर्चा यांसारखे घटक त्यांनी अस्थींत गणले. आजचे शास्त्र प्रौढ देहात २०६ अस्थी मोजते. आकडे भिन्न असले तरी शास्त्रवचनाला प्रत्यक्षाची जोड हवी, ही दृष्टी मात्र एकच आहे.

सप्तधातूंच्या क्रमात रक्त दुसरे आणि मज्जा सहावी. सूक्ष्मदर्शकाने दाखविले की रक्तातील तांबड्या पेशी अस्थींच्या पोकळीतील मज्जेतच जन्म घेतात. निरोगी प्रौढाच्या देहात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी निर्माण होतात आणि प्रत्येक पेशी साधारण १२० दिवस सेवा करते. तिच्यातील हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन फुफ्फुसातून प्राणवायू उचलते आणि देहाच्या कानाकोपऱ्यात पोहोचविते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, प्रत्येकीत लोहाचा एक अणू, आणि त्या प्रत्येक अणूशी प्राणवायूचा एक रेणू बांधला जातो.

या चारांपैकी दोन साखळ्यांना बीटा म्हणतात. तिच्यात १४६ मणी, म्हणजे अमिनो आम्ले, ओवलेली असतात. सिकलसेल विकारात त्यातील सहावा मणी तेवढा बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. मंत्रातील एक अक्षर चुकावे आणि अर्थ पालटावा, तसेच हे. प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून लांब तंतू होतात आणि वाटोळी, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर बनते. सिकल म्हणजे विळा. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडे व सांधे ठणकतात. त्या १० ते २० दिवसांतच फुटतात, म्हणून पांडुरोग आणि कावीळ. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा विकार असल्याचे दाखविले. सहाव्या मण्याचा उलगडा पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६–५७ मध्ये केला.

चंद्रपूर, गडचिरोली आणि एकूणच विदर्भात हा विकार पुष्कळ आढळतो. याचे एक कारण आपल्या अरण्यांत आहे. ज्याच्या ठायी हा दोष एकेरी असतो, त्याला घातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. त्यामुळे हिवतापाच्या प्रदेशांत हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. मग त्याला पाप कसे म्हणावे?

प्रत्येक अपत्यास या साखळीची एक आज्ञा पित्याकडून आणि एक मातेकडून मिळते. एकच सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक. बहुधा ठणठणीत, स्वतःलाही अजाण. दोन्ही सदोष असतील तर रुग्ण. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी, नव्याने, अपत्य रुग्ण होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन आणि पूर्ण मुक्त असण्याचा चारांत एक. अशा घरी दोष दोघांकडून सारखाच आलेला असतो. एकट्या मातेस दूषण देणे हा अधर्म आहे.

आता गुणमेलनाचे. छत्तीस गुणांत नाडीचे आठ, आणि ती संततीसाठी पाहतात, अशी रूढी आहे. कित्येक घरी नाडी म्हणजेच रक्तगट, असाही समज झाला आहे. तो खरा नव्हे. नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते. नक्षत्रास हिमोग्लोबिन कळत नाही. रक्तगट ही वेगळीच बाब असून त्यावरूनही सिकलसेल समजत नाही. त्यासाठी रक्ताची स्वतंत्र तपासणीच हवी. प्रथम विद्राव्यता चाचणी करतात आणि ती दोष दाखवील तर इलेक्ट्रोफोरेसिससारख्या परीक्षेने निश्चिती होते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प आहे.

वाहकाने विवाह करू नये, असे मुळीच नाही. जोडीदाराचे हिमोग्लोबिन सर्वथा निर्दोष असेल तर अपत्य या विकाराचे रुग्ण होत नाही. मात्र थॅलॅसेमियाचा वाहक असलेला जोडीदारही चालत नाही, म्हणून दोघांची तपासणी पूर्ण असावी. विवाह झालेल्या वाहक दांपत्याने गर्भधारणेपूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी त्यास निर्जळी उपवास करू देऊ नये. पाणी कमी पडले की पेशी वाकतात. यात्रेच्या रात्री थंडीपासून जपावे, ताप आल्यास तत्काळ दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांनी दिलेले औषध नवसापायी बंद करू नये.

यात्रेला सोयरेधायरे जमतात, मुलामुलींची बोलणी निघतात. आता माझ्याकडे कोणी दोन पत्रिका घेऊन आले की मी आधी रक्ताचे दोन कागद मागतो. काही जण रुसून जातात. ती माउली मात्र गेल्या खेपेस धाकट्या नणंदेचा कागद स्वतः घेऊन आली होती. श्रीहरी बालाजी सर्वांचे देहरथ सुखरूप चालवोत; पण रथ जोडण्यापूर्वी आस तपासण्याचे काम त्याने आपल्याच हाती ठेवले आहे.