शिष्यवृत्ती जाते कशी, राहते कशी

दरवर्षी प्रथम वर्षाचा निकाल लागला की आपल्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात एक वाक्य हमखास ऐकू येते, "नापास झाला, आता स्कॉलरशिप गेली." हे वाक्य निम्मे खोटे आहे, आणि त्या खोट्या निम्म्यापायी आपल्यातले काहीजण शिक्षणच सोडतात. गेल्या वर्षी आमच्या वर्गातला, वाडेगावकडून एस.टी.ने येणारा एक विद्यार्थी दोन विषयांत राहिला. पुढच्या वर्गात त्याला प्रवेश मिळत होता. परंतु शिष्यवृत्ती बंद झाली या समजुतीने तो जुलैत बाळापूरला आलाच नाही. चाकणकडे एका कारखान्यात लागला. तो गेल्यावर मी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची नियमावली मिळवून वाचली. त्यातले आपल्या उपयोगाचे तेवढे येथे मांडतो.

शिष्यवृत्तीला अटी असणे ही काही नवी गोष्ट नव्हे. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांनी मंजूर केलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांवर. परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. मुदत संपताच १९१७ साली लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तो पुरा करण्यासाठी ते १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती १९४४ साली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते.

आता मुख्य प्रश्न. नियमावलीत वर्षानुवर्षे चालत आलेले तत्त्व असे आहे की, शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली की तो अभ्यासक्रम संपेपर्यंतची असते. मात्र वर्तन चांगले हवे, हजेरी नियमित हवी आणि विद्यार्थी पुढच्या वर्गात जायला हवा. येथे 'पुढच्या वर्गात जाणे' हे शब्द नीट वाचावेत. सर्व विषय सुटलेच पाहिजेत असे त्यात म्हटलेले नाही. मागचे एकदोन विषय राहिले, पण विद्यापीठाने वरच्या वर्गात बसू दिले, तर त्या वरच्या वर्गाची शिष्यवृत्ती मिळू शकते. आमच्या त्या मित्राची स्थिती नेमकी हीच होती.

आजारपणाने परीक्षाच बुडाली असेल तर त्यालाही वाट ठेवलेली आहे. डॉक्टरांचा दाखला जोडायचा, आणि हा विद्यार्थी परीक्षेला बसला असता तर उत्तीर्ण झाला असता, असे प्राचार्यांनी लिहून द्यायचे. प्राचार्य असे लिहून देतील की नाही हे आपल्या वर्गातल्या तोंडओळखीवर अवलंबून असते, हे मात्र नियमावलीत लिहिलेले नाही!

खरी अडचण हजेरीची आहे. अट ७५ टक्क्यांची. एका सत्रात ९० दिवस शिकवणे व्हावे अशी अपेक्षा असते. म्हणजे ६८ दिवस वर्गात असणे आले आणि गैरहजेरीला २२ दिवस उरले. आपल्या वऱ्हाडात सोयाबीनची सोंगणी आणि त्यामागोमाग कापसाची वेचणी नेमकी याच काळात येते. घरचे वावर असो की दुसऱ्याचे, महिनाभर वेचणीला गेलेल्या मुलीचे पंचवीसेक दिवस बुडतात. ती नापास झालेली नसते, तरी अट मोडलेली असते. मला हा नियम शहराकडे पाहून केलेला वाटतो. पण तो आहे तोवर दिवस मोजूनच वापरले पाहिजेत. सलग महिना घालवण्यापेक्षा घरच्यांशी बोलून आठवड्यातले दोन दिवस वेचणीला द्यावेत, आणि जाण्याआधी वर्गशिक्षकांना सांगून जावे. परवानगीवाचून गैरहजर राहणे आणि परवानगीने राहणे यांत नियमावली फरक करते.

त्याच कलमात गैरवर्तनाचे उदाहरण म्हणून संपात भाग घेणेही घातलेले आहे. विद्यार्थी चळवळींवर व्याख्याने ऐकणाऱ्या कला शाखेला हे वाचून थोडे हसू येईल.

सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडले तर त्या वर्षाची घेतलेली रक्कम शासन परत मागू शकते. नापास होणाऱ्याला नियम पुन्हा उभे राहू देतो. सोडून जाणाऱ्याकडे मात्र तो हिशेब मागतो. दिवाळीनंतर कामाला निघण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल त्यांनी हे घरी सांगावे. तसेच, बी.ए. झाल्यावर पुन्हा बी.कॉम.ला नाव घातले तर शिष्यवृत्ती मिळत नाही, कारण तो त्याच पायरीवरचा अभ्यासक्रम ठरतो. एम.ए.ला ती मिळते.

ज्यांना ही योजना लागू नाही, त्यांच्यासाठी १९५९ साली सुरू झालेल्या ई.बी.सी. सवलतीची परंपरा राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत आहे. तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे आणि लाभ एका कुटुंबातल्या दोन मुलांपुरता आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची मर्यादा आहे. त्यामुळे तहसील कचेरीतून आणलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा आणि तारीख दोन्ही पाहून घ्यावी.

शेवटचे काम नूतनीकरणाचे. शिष्यवृत्ती मंजूर आहे म्हणून दुसऱ्या वर्षी ती आपोआप येत नाही. महाडीबीटीवर दरवर्षी अर्ज भरावा लागतो. तो आधी महाविद्यालयाकडे आणि मग अकोल्याला समाजकल्याण कार्यालयाकडे जातो. त्रुटी काढून परत आला तर दुरुस्ती आपणच करायची असते. म्हणून अर्ज भरल्यावर दर आठ-पंधरा दिवसांनी त्याची स्थिती उघडून पाहावी, आणि 'परत पाठविला' असे दिसले तर त्याच दिवशी कार्यालयातल्या लिपिकांना भेटावे. जाताना गुणपत्रिका, बँकेचे पासबुक आणि आधार जोडल्याची खात्री बरोबर असू द्यावी.